पानोबाचा चौथा दिवस

१

आमच्या घरात हॅलोवीनचे कपडे दुकानातून कधीच आले नाहीत. माझ्या मुलाने समुद्री चाचा व्हायचं म्हटलं तेव्हा मी पडदे फाडले, नातीने घुबड व्हायचं म्हटलं तेव्हा घोंगड्या फाडल्या. शिवणकाम मला कोणी शिकवलेलं नाही. मशीन सगळं खोललं, टेबलावर मांडलं, परत जोडलं, आणि दोन स्क्रू उरले तरी ते चाललं. अजून चालतं. बोटं तेवढी चालत नाहीत.

त्या शनिवारी आम्ही चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसलो होतो. माझा मुलगा गेलन भोपळे कोरत होता आणि बिया जमिनीवर सांडत होता. सून डॅनेट मेपलची पानं वितळलेल्या मेणात बुडवून दोऱ्यावर टांगत होती. जोसी, त्यांची सात वर्षांची मुलगी, स्टुलावर उभी होती आणि मी तिच्या अंगावर घुबडाची पिसं एकेक करून टाचत होते.

"आई, असं एकेक टाचत बसलात तर पुढच्या हॅलोवीनला होईल हे," डॅनेट म्हणाली. "गरम गोंदाने दहा मिनिटांत चिकटतं."

"आणि दुसऱ्या घराच्या पायरीपर्यंत निम्मी पिसं गळतात. मग ते घुबड दिसत नाही, सोललेली कोंबडी दिसते."

जोसी खिदळली. डॅनेट हसली नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती. सुईत दोरा जाईना. एकदा, दोनदा, तीनदा. मग तिने फोन उचलला आणि अंगठ्याने काहीतरी टिपलं.

त्या फोनात माझ्या चुका असतात. ऑगस्टमध्ये शेगडीवर घेवड्याचं पातेलं जळलं आणि धुराने भिंत काळी झाली, तेव्हापासूनची यादी. चष्मा फ्रीजमध्ये सापडला, लिहिलं. गेलनला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली, लिहिलं. ठरलं होतं असं, की हॅलोवीनपर्यंत बघायचं. तोवर यादी वाढली नाही तर मी माझ्या घरात राहीन आणि शाळेची बस जोसीला रोज माझ्याच दारात सोडेल. वाढली, तर वृद्धाश्रम. डॅनेटने जागासुद्धा बघून ठेवली होती. खिडकीतून तळं दिसतं म्हणे.

मला तळं बघायचं नव्हतं. चाळीस वर्षं मी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझा मेपल बघत आले होते.

२

दुपारी पानोबा भरला.

आमच्या रस्त्यावर बहुतेक घरांच्या ओसरीत ऑक्टोबरभर असा एक पानांचा बाहुला बसवलेला असतो. जुने कपडे घ्यायचे, बाह्या आणि पाय सुतळीने बांधायचे, आत वाळकी पानं ठासायची, डोक्याला उशीचा अभ्रा. पण आमच्या पानोबाची गंमत निराळी होती. माझा नवरा ऑरिन दोन आठवडे त्याला खुर्चीत बसवून ठेवायचा. पोरं शाळेत जाता-येता त्याला बघायची, चिडवायची, त्याला सरावायची. आणि हॅलोवीनच्या संध्याकाळी ऑरिन शेडमध्ये जाऊन पानं काढून टाकायचा, तेच कपडे स्वतः घालायचा, बाहीत दोन मुठी पानं कोंबायचा आणि त्याच खुर्चीत त्याच पद्धतीने बसायचा. पोरांनी चॉकलेटांच्या परातीत हात घातला की मनगट धरायचा. "नाव सांग!" पोर किंचाळत नाव सांगायचं, की सोडायचा. तीस वर्षं. आज ज्यांना टक्कल पडलंय ते बाप्ये अजून त्या मनगटाची गोष्ट सांगतात.

ऑरिन मार्चमध्ये गेला. त्याची निळी डंगरी, चौकड्यांचा शर्ट आणि चामड्याचे हातमोजे मी कोणाला दिले नव्हते.

"ह्या वर्षी मी बसतो," गेलन म्हणाला. "बाबांसारखा."

"तुला तासभर गप्प बसता येईल?"

"तू शेजारी असलीस की मला बोलायला मिळतं कुठे?"

हे मात्र तो बापासारखं बोलला. मी पानं भरली. माझ्याच झाडाची, पुढच्या अंगणातली, हातात घेतली तर चुरा होईल इतकी कोरडी. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कोरडी.

चेहरा रंगवला नाही. तो हॅलोवीनच्याच दिवशी रंगवायचा, ही ऑरिनची पद्धत. अभ्रा कोरा ठेवला.

३

पानं बसतात. हे कोणाला विचारायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी पानोबाचं पोट खाली जातं, तिसऱ्या दिवशी खांदे पडतात, चौथ्या दिवशी मान छातीवर येते. मग शर्टाची दोन बटणं उघडायची आणि टोपलीभर पानं आणखी कोंबायची. ऑक्टोबर म्हणजे हेच काम.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, मी टोपली घेऊन ओसरीत आले. मान सरळ. खांदे सरळ. मी बटण उघडून हात घालायला गेले, तर मूठभर पानांनाही जागा नव्हती. पोट टच्च होतं.

म्हटलं, मीच पुन्हा भरला असेल. पण मग आठवत कसं नाही? आणि आठवत नाही असं तोंडातून काढायची मला सोय नव्हती. डॅनेट कामावर जायच्या आधी डोकावून जायची, ती तेवढ्यात पायऱ्या चढली.

"वा! अजून ताठ आहे. छान भरलात हो आई."

"चाळीस वर्षं भरतेय," मी म्हटलं आणि रिकामी न झालेली टोपली परत आत नेली.

काय संताप येतो अशा वेळी, सांगू? डोळ्यांसमोर एक गोष्ट चुकीची आहे, ती फक्त मला कळते आहे, कारण ह्या घरात पानं बसतात हे फक्त मला माहीत आहे. आणि मीच ती बोलू शकत नाही.

४

खुर्ची झुलती आहे. वाऱ्याने हलू नये म्हणून मी तिच्या एका पायाखाली लाकडाची पाचर ठोकते. शुक्रवारी ती पाचर ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पडलेली. मी परत ठोकली. शनिवारी पुन्हा तिथेच. मांजर असेल, शेजारचा कुत्रा असेल. हातोडीने ठोकलेली पाचर कुत्रा काढतो का? काढत असेल. मी कुत्र्यांना शिव्या घातल्या आणि तिसऱ्यांदा ठोकली.

मग आवाज. दुपारी जोसीची बस यायच्या आधी मी दाराआतल्या बाकावर पिसं शिवत बसायची. दार उघडं. बाहेर वारा नाही, मक्याची ताटं खांबाला बांधलेली, त्यांचं एक पातं हलत नव्हतं. आणि पानं वाजायची. वाळकी पानं दाबली की वाजतात तशी, हळूच. मग थांबायची. मग सैल सोडल्यासारखी वाजायची. मी शिवणं थांबवून मोजायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की मीही त्याच चालीने श्वास घेतेय. उठले आणि दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी त्या कोऱ्या अभ्र्यावर एक ओला डाग दिसला. नाण्याएवढा गोल म्हणावा, तेवढा. दव पडलं होतं, खरं आहे. पण दव पडलं तर सगळा अभ्रा भिजेल, टोपी भिजेल, कठडा भिजेल. कठडा कोरडा होता. डाग तोंड असतं तिथेच होता.

मी तो एप्रनने पुसणार होते. पुसला नाही. हात गेला नाही पुढे, आणि माझा मलाच राग आला. ज्या बाईने मेलेला साप फावड्यावर घेऊन गावभर मिरवलाय, तिचा हात एका अभ्र्याला लागत नाही!

गेलनला म्हटलं, "ह्याला आत्ताच रिकामा करू. ओल धरलीय."

"आई, जोसी रोज त्याला शाळेतलं सगळं सांगते. आणखी पाच दिवस तर राहिलेत."

"काय सांगते?"

"मला काय माहीत? मी आलो की गप्प होते."

५

हॅलोवीनच्या दिवशी तीन वाजता जोसीने चेहरा रंगवला. कोळशाने दोन मोठे डोळे, भुवया, नाक. मग कोळसा खाली ठेवला आणि हात डंगरीलाच पुसले.

"तोंड राहिलं की," मी म्हटलं.

"त्याला आहे, आजी."

"कुठाय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं डॅनेट बघते. म्हातारीला दिसत नाही.

चार वाजता गेलनने आणि मी पानोबाला शेडमध्ये न्यायला उचललं. गेलन अडतीस वर्षांचा आहे, धान्याच्या गिरणीत पोती उचलतो. दोन पावलांवर त्याने त्याला खाली ठेवलं.

"आई, विटा घातल्यास का आत?"

"पानं आहेत. ओली झाली असतील."

"एवढी?" त्याने कपाळ पुसलं. मी हातमोज्याकडे बघत होते. उचलताना हातमोजा गेलनच्या कोपरावर पडला होता आणि बोटं वळली होती. गेलनने झटकलं तेव्हा ती सुटली.

शेडमध्ये त्याला भिंतीला टेकवून ठेवलं. तेवढ्यात गेलनला गिरणीतून फोन आला, पट्टा अडकलाय म्हणून. "अर्ध्या तासात येतो. आल्यावर ह्याला रिकामा करतो, कपडे घालतो, सहाला खुर्चीत," तो म्हणाला. "बाबांसारखं. कोणाला पत्ता लागायचा नाही."

मी शेडचं दार ओढून घेतलं. कडी घातली की नाही? घातली. मला वाटतं, घातली.

६

आमच्या गावात सहाला भोंगा वाजतो, मग पोरं घरोघर फिरतात. आठला पुन्हा वाजतो, मग घरी. पावणेसहाला मी चॉकलेटांची परात घेऊन ओसरीत आले, तर तो खुर्चीत बसलेला. टोपी, अभ्रा, हातमोजे, सगळं. गेलनची गाडी अंगणात नव्हती. ऑरिनही गाडी मागच्या रस्त्याला लावायचा, पोरांना संशय येऊ नये म्हणून. म्हटलं, शिकला हो पोरगा.

"पाठ टेकव," मी म्हटलं. "तुझा बाप डावा हात खाली लोंबता ठेवायचा."

डावा हात हळूच खाली आला. बाहीतली पानं वाजली.

डॅनेट जोसीला घेऊन निघाली. घुबड छान झालं होतं, एक पीस गळलं नव्हतं. भोंगा वाजला. पोरं यायला लागली आणि मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

आता हे लिहायला मला लाज वाटते. पण तो गप्प बसला होता. माझ्या घरात, ऑरिन गेल्यापासून, माझं बोलणं चालू असताना कोणी गप्प बसलेलं नाही. फोन बघतात, घड्याळ बघतात, माझं वाक्य संपायच्या आत "बरं आई" म्हणतात. हा ऐकत होता. मी बोलत गेले.

"तुझ्या बायकोला सांग, मी तळं बघायला जाणार नाही. पिसं मी शिवली की नाही? एकटीने? आणि ते पातेलं..." इथे मी थांबले. पोरांची एक टोळी आली, चॉकलेटं घेऊन गेली. "पातेलं माझ्यामुळे जळलं. शेगडीचं बटण बिघडलं नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं आणि तू नवीन बटण बसवलंस. मी शेगडी पेटवली आणि बाहेर जाऊन झाडाखाली बसले, आणि तास दीड तास मला कळलंच नाही मी कुठे आहे. तिला हे सांगायचं नाही. कळलं?"

त्याने मान हलवली. एकदा. सावकाश.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. गुडघा ऊबदार होता. का नसावा? पोराचा गुडघा.

एकच खटकत होतं. तो कोणालाच धरत नव्हता. पोरं परातीत हात घालत होती, वाकून त्याच्या टोपीखाली बघत होती, आणि हा ढिम्म.

"अरे, धर की एखाद्याला!" मी कुजबुजले. "तुझा बाप असता तर आत्तापर्यंत दहा पोरं किंचाळली असती. गंमत बिघडवतोस नुसती."

७

सव्वासातला डॅनेट आणि जोसी परत आल्या. अंधार पडला होता, भोपळ्यांतले दिवे पेटवलेले.

"गेलन, तू थोडा वेळ आमच्याबरोबर आला असतास तर काय बिघडलं असतं?" डॅनेट खुर्चीकडे बघून फणकारली आणि सफरचंदाचा रस गरम करायला आत गेली.

जोसीने पिशवी टाकली आणि त्याच्या मांडीवर उडी मारली. हातमोजा वर आला आणि तिच्या मनगटावर मिटला.

"जोसी!" ती हसत ओरडली. "नाव जोसी!"

हात सुटला नाही.

"जोसी, जोसी, जोसी! सांगितलं ना! बाबा, सोड आता." हसू निम्म्यावर राहिलं. "आजी, मी नाव सांगितलं तरी हा सोडत नाहीये."

"गेलन, पुरे. तिला लागतंय."

रस्त्यावरून एक गाडी वळून आमच्या अंगणात शिरली. तिचा आवाज मी झोपेत ओळखते, सायलेन्सर गेले वर्षभर फुटलाय. गेलनची गाडी. दिव्यांचा झोत ओसरीवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरला, आणि फिरताना हातमोजा आणि बाही ह्यांच्या मधल्या चार बोटांच्या जागेवरून गेला. तिथे मी सुतळी बांधली होती. सुतळी नव्हती. पानंही नव्हती.

झोत पुढे गेला ह्याबद्दल मी देवाचे आभार मानते.

गाडी शेडपाशी थांबली. दार वाजलं. गेलन शिट्टी घालत शेडमध्ये शिरला. किंचाळावं तर डॅनेट येईल, गेलन येईल, आणि ते काय बघतील, मला काय म्हणतील, हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. तेवढ्या वेळात जोसी रडायला लागली होती. आवाज न करता.

मी वाकले. त्या कोऱ्या जागेजवळ, जिथे ओला डाग होता तिथे, तोंड नेलं. तिथून ऊब येत होती.

"वर्ना," मी म्हटलं. "माझं नाव वर्ना. तिला सोड. मला धर."

बराच वेळ पानं वाजत राहिली. मग बोटं एकेक करून उघडली.

८

"आई, कपडे कुठायत?" गेलन पायऱ्या चढत आला. "टायर पंक्चर झालं, फोनही बंद पडला... शेडमध्ये नुसता पानांचा ढीग आहे, आणि..." त्याने खुर्चीकडे बघितलं. पुढे होऊन पोट दाबलं. वाळकी पानं चुरचुरली. मान छातीवर आली, खांदे पडले, सगळा पानोबा एका अंगाला कलला. चौथ्या दिवशीसारखा.

"तू ह्याला रिकामा केलास आणि परत भरलास? एकटीने?" तो हळू आवाजात म्हणाला. "का, आई?"

डॅनेट दारात उभी होती. तिने जोसीचा हात उचलून दिव्याजवळ धरला. मनगटावर चार बोटं उमटली होती, लाल.

"हे कोणी केलं?"

जोसीने माझ्याकडे बघितलं. खरं सांगितलं असतं तर पोरीला कोणीतरी विचारत बसलं असतं, महिनोन् महिने, तू नक्की काय पाहिलंस म्हणून. आणि मला तर कोणी काही विचारलंच नसतं.

"मी," मी म्हटलं. "मीच धरलं. पायरीवरून पडत होती असं वाटलं. पानंही मीच भरली असतील. आठवत नाही."

डॅनेटने फोन काढला नाही. गरजच राहिली नव्हती.

९

खिडकीतून खरंच तळं दिसतं.

पुन्हा ऑक्टोबर आला. इथे करमणुकीच्या कामावर एक उत्साही मुलगी आहे, ती आम्हा म्हाताऱ्यांकडून कागदाची पानं कापून घेते, गोलटोकी कात्रीने. मी टोकदार कात्री मागितली तर म्हणाली, "नको हं वर्नाआजी, लागेल." मागच्या आठवड्यात तिने सज्ज्यातल्या बाकावर, माझ्या नेहमीच्या जागेशेजारी, दान आलेल्या कपड्यांत एक पानोबा भरून बसवला. मी तिला सांगितलं, चौथ्या दिवशी पुन्हा भरावा लागेल, टोपली तयार ठेव.

काल आठवा दिवस होता. टोपली भरलेली तशीच पडून आहे, त्याची मान अजून ताठ आहे.

काल जोसी आली होती. आठ वर्षांची झाली. ह्या वर्षी दुकानातला पोशाख घेतलाय म्हणे. गेलन आणि डॅनेट आत कसल्यातरी कागदावर सह्या करत होते. ती सज्ज्याच्या दारात उभी राहिली, बाहेर येईना. उंबऱ्यावरूनच बाकाकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "आजी, तू त्याला नाव सांगू नकोस हं."

"नाही सांगणार," मी म्हटलं आणि तिला आत पाठवलं.

मी परत येऊन माझ्या जागेवर बसले. वारा नव्हता. त्याचा डावा हात बाकाखाली लोंबत होता.